दोन चाकांच्या मधला मी

गाडी रस्त्यानं जाताना तुम्ही तिचे दिवे बघता, रंग बघता, फार तर हॉर्न ऐकून बाजूला होता. मला कुणी बघत नाही. मागच्या दोन चाकांच्या मधोमध, आसाच्या पोटात एक बिडाचा गोल डेरा असतो. त्यात काळ्या तेलात बुडून बसणं हे माझं आयुष्य. माझं नाव डिफरन्शियल.

इंजिनाचा जोर माझ्यापाशी येतो आणि मी तो दोन चाकांना वाटून देतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. ते जमवायचं काम आमच्या जातीचं. पण माझ्या साध्या भावंडांना एक वाईट खोड आहे. एक चाक वाळूत किंवा चिखलात रुतून रिकामं फिरायला लागलं, की सगळा जोर त्यालाच देऊन ती मोकळी होतात. दुसरं चाक कठीण जमिनीवर असलं तरी ढिम्म हलत नाही. मी तसा नाही. माझ्या पोटात पोलादी चकत्या आहेत, एकमेकींवर दाबून बसवलेल्या. एक चाक उधळलं की त्या आवळतात आणि जोर दुसऱ्या चाकाकडेही वळवतात. म्हणून मला जास्त किंमत, आणि म्हणूनच माझ्या वाट्याला जे आलं ते आलं.

जन्म माझा अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. लालभडक होईपर्यंत मला तापवलं, तेलात बुडवून कडक केलं, घासलं, ठोकलं आणि एका जीपमधे बसवून बोटीवर चढवलं. ती जीप अलोऱ्याला, वीजप्रकल्पाच्या कामावर, एका कंत्राटदाराच्या दिमतीला आली. डोंगर फुटत होते तेव्हा. सुरुंगाचे हादरे आसातून माझ्यापर्यंत पोचायचे. पुष्कळ वर्षं मी ते चढ चढलो. मग एका सकाळी वरून धोंडा आला. तो थेट ड्रायव्हरच्या बाजूला बसला आणि जीप त्याला घेऊनच ओढ्यात गेली. माणसं आली, त्यांनी पत्रा कापून त्याला बाहेर काढलं. तोवर त्याचा आवाज बंद झाला होता. मी मात्र धडधाकट होतो. लोखंडाला आपल्या धडधाकटपणाची लाज वाटत नाही, असं माणसांना वाटतं.

भंगारातून मला रावजी मिस्त्रीनं उचललं. सावर्ड्याला हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज. त्यानं मला रॉकेलनं धुतलं, फडक्यात गुंडाळलं आणि फळीवर ठेवून दिलं. तिथे मी किती पावसाळे काढले कोण जाणे. नव्या गाड्या यायच्या, त्यांना माझा उपयोग नव्हता. रावजी अधूनमधून मला हातात घेऊन फिरवून बघायचा आणि परत ठेवायचा.

अशातच एका दुपारी एका ट्रकला बांधून एक जुनी गाडी आली. अमेरिकन स्टेशन वॅगन. देश स्वतंत्र झाला त्या सुमाराची, बाजूंना लाकडी पट्ट्या मारलेली, पुढचे दिवे म्हाताऱ्याच्या डोळ्यांसारखे मोठे. गाडी गंगाराम नावाच्या माणसाची. गुहागरच्या खालच्या अंगाला दोन डोंगरांच्या मधे एक मच्छीमारांची वाडी आहे, तिथला तो. पूर्वी एका आंब्याच्या व्यापाऱ्याकडे तो ड्रायव्हर होता. व्यापारी मुंबईला गेला तेव्हा ही म्हातारी त्यानं गंगारामला देऊन टाकली. गंगाराम तिच्या लाकडाला खोबरेल चोळायचा, एवढा तिचा लाड.

त्या दिवशी गंगारामचा उजवा हात प्लास्टरमधे होता. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद झालेला. गाडीची सगळी काच फुटली होती. बोलत होती ती त्याची बायको, बकुळा.

हकीकत अशी होती. वाडीतली माणसं रापण ओढायची. लांबलचक जाळं होडीनं समुद्रात सोडायचं आणि सगळ्या वाडीनं मिळून दोन्ही टोकांनी ते किनाऱ्यावर खेचायचं. आलेली मासळी लवू शेट घ्यायचा. त्याच्याकडे बर्फ होता, ट्रक होता, मोठा ट्रॉलर होता. तो सांगेल तो भाव. गंगारामनं आपल्या गाडीत पाट्या भरून मासळी थेट हायवेला, सावर्ड्याच्या बाजाराला न्यायला सुरुवात केली. वाडीला चांगला भाव मिळू लागला आणि लवू शेटचं डोकं फिरलं.

त्याच्या माणसांनी गंगारामला पुळणीवरच गाठलं. वाळूत गाडीचं डावं चाक रुतलं होतं, ते नेहमीच रुतायचं. गंगाराम जिवाच्या भीतीनं अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिला. चाक गरगरा फिरलं, खाली गेलं, अचानक खडकाला टेकलं आणि आतल्या डिफरन्शियलचे दाते फुटले. गाडी जागेवर मेली. मग त्यांनी त्याला खेचून बाहेर काढलं. वल्ह्यानं मारलं. ज्या वल्ह्यानं कोपर मोडलं, ते गंगारामच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या हातात होतं. मोरूच्या.

मोरू लवू शेटच्या ट्रॉलरवर खलाशी होता. तो तिथे कामाला लागला तेव्हा गंगारामनं सगळ्या वाडीसमोर त्याच्या थोबाडीत मारली होती. ती थोबाडीत मोरूनं वल्ह्यानं फेडली.

रावजीनं डेरा उघडला. तेलात दात्यांचे तुकडे पडले होते.

“हा ग्येला,” तो म्हणाला. “आता तीन वाटा हायत, बकुळाबाय. होता तसलाच जुना मिळवून बसवतो. पण वाळूत परत हीच गत.”

“दुसरी?”

“आतली दातेरी चाकं वेल्डिंग मारून एकजीव करतो. मग दोन्ही चाकं कायम एकत्र फिरतील. वाळूत कधी अडकायची नाय.”

गंगारामनं मान वर केली. “वेल्डिंग मार. बघू कोण आडवा येतो.”

“थांब रे,” रावजी म्हणाला. “वळणावर काय होतं तेही ऐक. दोन्ही चाकांना सारखंच फिरायचं झालं तर गाडी वळायला मागत नाय. सरळ रेटते. तुझ्या वाडीच्या घाटात जांभ्याची खडी. एक दिवस तीच तुला दरीत घेऊन जाईल.”

“जाऊ दे.”

“तुम्ही जाल,” बकुळा नवऱ्याला म्हणाली, “मागं पाट्यांवर बसलेल्या बाया कशापायी जातील?” आणि रावजीकडे वळली. “तिसरी वाट काय?”

रावजीनं मला फळीवरून काढलं. फडकं सोडलं. जीपचा आणि या वॅगनचा मागचा आस एकाच घराण्यातला, दाते जुळतील, हे त्यानं तिला सांगितलं. चकत्या थोड्या झिजल्यात, तेल वेगळं घालावं लागेल, वळणावर कधीकधी कुरकुरेल, हेही लपवलं नाही. मग त्यानं माझ्या एका बाजूला दांडा अडकवून पक्का धरला आणि दुसऱ्या बाजूचा दांडा तिच्या हातात दिला.

“फिरव.”

तिनं जोर लावला. मी हललो नाही. तिनं पाय रोवले, दोन्ही हातांनी पिळलं. मासळीच्या पाट्या उचलून घट्ट झालेले हात होते ते. तेव्हा माझ्या चकत्या थोड्या सरकल्या, आणि परत आवळल्या.

ती जराशी हसली. “हट्टी हाय. पण ऐकतो. हाच बसवा.”

“मी वेल्डिंग सांगितलं,” गंगाराम म्हणाला.

“तुमच्या हाताला प्लास्टर हाय. गाडी मी चालवणार.”

सावर्ड्याच्या गॅरेजमधे त्या दिवशी बरेच जण हसले. बाई आणि एवढी मोठी गाडी. पण गंगारामनं वर सड्यावर, मोकळ्या कातळावर, तिला कधीचीच गाडी शिकवून ठेवली होती. हौस म्हणून. आता ती हौस पोटावर आली.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले खरे कामाचे. पहाटे पुळणीवर उतरायचं, मासळी भरायची, घाट चढून चिपळूणमार्गे हायवेला लागायचं. गाडीत काय चाललंय ते मला वजनावरून कळायचं. बांगडा किती, सुकं किती, मागे कोण बसलंय. बकुळा क्लच हळू सोडायची, गिअर बदलताना गाडीशी पुटपुटायची. डावं चाक वाळूत फिरू लागलं की मी आवळायचो, उजवं जमीन धरायचं आणि गाडी अंग झाडून बाहेर यायची. वाडीतल्या बाया पाट्यांवर बसून टाळ्या वाजवायच्या. चिपळूणच्या बाजारातल्या वळणांवर मी कुरकुरायचो. मग ती म्हणायची, “चल, म्हाताऱ्या.” मी काही एवढा म्हातारा नव्हतो, पण ऐकून घ्यायचो.

मोरूला हे ठाऊक नव्हतं. तो ट्रॉलरवर असायचा. गाडी दुरुस्त झाली एवढंच त्यानं ऐकलं होतं, आत काय बसवलंय ते त्याला कोण सांगणार?

दिवाळी होऊन गेली होती. दुपार कलत होती, ओहोटी लागली होती. रापणीत बांगडा असा लागला होता की जाळं ओढता ओढता माणसांचे तळवे सोलवटले. अर्ध्याहून जास्त पाट्या गाडीत भरून झाल्या होत्या, तेवढ्यात लवू शेटचा ट्रॉलर आत आला. छोट्या होडीतून त्याची माणसं गुडघाभर पाण्यात उतरली, हातांत पहारी आणि कोयते घेऊन.

मला दिसत नव्हतं, दिसण्यातलं जे सांगतोय ते मागून बकुळाच्या तोंडून ऐकलेलं. मी डेऱ्यात होतो. पण ऐकू सगळं येत होतं. आधी जाळं फाटल्याचा आवाज. कोयता ओल्या दोरावर चालला की तो ओरबाडल्यासारखा वाजतो. मग पाट्या उलटल्या. मग माणसं ओरडायला लागली, आणि एक आवाज असा आला की नारळ फुटला असं वाटावं. सखारामचं डोकं होतं ते. रापणीचा तांडेल, जाळं ओढणाऱ्यांचा म्होरक्या, वाडीतला म्हातारा माणूस. त्याला दोघांनी उचलून गाडीत मासळीवर टाकलं, ते वजन मला कळलं. एका हातानं दार ओढत गंगाराम पुढे बसला, तेही कळलं. दगड पत्र्यावर पडत होते. बकुळानं गाडी चालू केली.

डावं चाक वाळूत होतं. ओल्या, भुसभुशीत.

मोरू गाडीच्या पुढे येऊन उभा राहिला. हातात पहार होती. त्यानं पहिला घाव बॉनेटवर घातला, दुसरा काचेवर. काच आत सांडली.

“वयनी, उतर खाली,” तो म्हणाला. “तुला कोण हात लावायचा नाय. तेला तेवढा बाहेर दे.”

“मोरू, बाजूला हो.”

“ही जागची हलायची नाय. मना म्हायती हाय.”

“बाजूला हो. गाडी हलंल.”

“हलव,” मोरू म्हणाला आणि पहार परत उचलली.

बकुळानं एकदा हॉर्न दिला. मग क्लच सोडला.

डावं चाक फिरलं, वाळू उडाली. मोरूला तेच अपेक्षित होतं, तो हललाही नाही. मग माझ्या चकत्या आवळल्या. उजव्या चाकानं जमीन धरली आणि ती म्हातारी गाडी चाबूक बसल्यासारखी पुढे झेपावली. आधी पुढचं चाक कशावर तरी चढलं. पाठोपाठ उजवं मागचं, माझं. खाली काहीतरी मोडलं. ते मोडणं आसातून सरळ माझ्यापर्यंत आलं. दगड फुटतो तेव्हा असं वाटत नाही, लाकूड मोडतं तेव्हाही नाही.

थोडं पुढे जाऊन तिनं ब्रेक दाबला.

मारामारी थांबली नव्हती. दगड येतच होते. बकुळा दार उघडून खाली उतरली.

“बकुळा, गाडी काढ,” गंगाराम आतून म्हणाला. “सोड तेला.”

“सोडू कशी? मी भरवलाय तेला हातानं.”

खरंच भरवला होता. ती लग्न होऊन आली तेव्हा मोरू परकरी पोरींबरोबर खेळण्याच्या वयाचा होता आणि घरात सासू नव्हती. एक दगड येऊन तिच्या भुवईवर बसला. रक्त पुसत ती वाळूत बसली, तुटलेल्या रापणीचा दोर तिनं मोरूच्या मांडीला आवळून बांधला, त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढत आणला. तिला एकटीला ते जमेना. शेवटी गंगाराम उतरला. शिव्या देत उतरला, आणि त्या एका हातानं त्यानं भावाला कमरेला धरून वर घेतलं. मारायला आलेली दोन माणसं पहारी घेऊन तशीच उभी राहिली.

सखाराम आणि मोरू, दोघं शेजारी शेजारी बांगड्यांवर पडले होते. गाडी घाटाला लागली. पहिल्या गिअरमधे, खडीवरून, भुवईचं रक्त डोळ्यात उतरलेली बाई चालवत होती. प्रत्येक वळणावर मी दोन्ही चाकांना त्यांच्या त्यांच्या वाट्याचं देत होतो. फळ्यांच्या फटींतून काहीतरी कोमट माझ्या डेऱ्यावर ठिबकत होतं. मासळीचं पाणी गार असतं.

सड्यावर आल्यावर मोरू बोलला. “वयनी, मना वाटलं हलायची नाय.”

ती म्हणाली, “मना म्हायती होतं, हलंल.”

चिपळूणच्या इस्पितळाच्या दारात गाडी थांबली तेव्हा अंधार पडला होता.

सखाराम वाचला, पण त्याचा एक कान कायमचा गेला. मोरूचा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. पुढचं मला रावजीकडे कळलं. बकुळा काच बसवायला आली होती आणि भुवईवर टाके घेऊन बाकावर बसून त्याला सांगत होती. वाडीनं तिला पढवलं होतं, मोरू घसरून चाकाखाली आला असं सांग. ती फौजदाराला म्हणाली, तो उभा होता आणि मी गाडी घातली. फौजदार इस्पितळात गेला. मोरू म्हणाला, नाय साहेब, माझा पाय घसरला. वयनीनं हॉर्न दिला होता.

“मग?” रावजीनं विचारलं.

“मग काय. फौजदार म्हणाला, दोघांनी मिळून एक काय ते ठरवा.”

“तू कशाला बोललीस तसं?”

“घातली म्हणून,” बकुळा म्हणाली. “दादा, मी ह्या म्हाताऱ्याला त्या दिवशी इथंच हातानं फिरवून बघितला होता. मना ठाऊक होता ह्याचा जोर.”

रावजीनं तिच्यासाठी चहा मागवला. तिनं तो घेतला नाही.

लवू शेट इस्पितळात एकदाही फिरकला नाही. एका पायाचा खलाशी त्याच्या काय कामाचा? बकुळानं मोरूला घरी आणलं, पडवीत खाट टाकली. गंगाराम त्याच्याशी बोलत नव्हता. ताटं दोन वेळा वाढली जायची, एक आत आणि एक पडवीत. इकडे लवू शेटचे बाकीचे खलाशी आपसात कुजबुजायला लागले. आपल्यावर वेळ आली तर हा आपल्यालाही असाच टाकील, हे त्यांना दिसत होतं. एकेक करून ते दुसऱ्या बंदरांत निघून गेले.

त्याचा राग लवू शेटनं गाडीवर काढला. भर दुपारी, सगळी वाडी रापणीवर असताना, त्याच्या दोन माणसांनी घराजवळ उभ्या गाडीवर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. खोबरेल प्यालेलं लाकूड ते. भडकायला क्षण लागला नाही. टायर पेटले, आस तापला, माझं तेल उकळलं. मी भट्टीत जन्मलो, तरी आग एवढी गरम असते हे विसरलो होतो.

घरात एकटा मोरू होता. तो पडवीतून खाली पडला, सरपटत आला आणि ओंजळीनं वाळू घेऊन गाडीवर फेकायला लागला. ओंजळीनं आग विझते का? पण तो फेकत होता. त्याच्या भुवया जळल्या, हातांना फोड आले, तरी मागे सरकेना. धूर बघून गंगाराम धावत आला. गाडीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. वाकड्या कोपराच्या हातानं त्यानं भावाच्या काखेत विळखा घातला.

“मागं हो, गाढवा,” तो म्हणाला. “टाकी फुटंल.”

कितीतरी महिन्यांनी तो भावाशी बोलला तो एवढंच. दोघं वाळूत उताणे पडले आणि टाकी फुटली.

आग लावणारे पकडले गेले, त्यांनी लवू शेटचं नाव घेतलं, खटला चालला. त्याला शिक्षा झाली की तो सुटला हे मला माहीत नाही. त्याचा ट्रॉलर मात्र पुन्हा त्या किनाऱ्याला आला नाही.

रावजी येऊन सांगाडा बघून गेला. त्यानं मला उघडलं. चकत्या निळ्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. “ह्याचा आता काय उपयोग नाय,” तो म्हणाला. बकुळा शेजारी उभी होती. तिनं वाकून मला हात लावला, मग हात पदराला पुसला आणि आत गेली. तिनं त्यानंतर गाडी चालवली नाही. आता ती एस.टी.नं बाजाराला जाते.

गंगारामनं मला डेऱ्यासकट उचललं. आसाचे दोन्ही हात कापून आखूड केले, त्यांना काथ्याचा दोर बांधला. दोघा भावांनी मिळून एक लहान होडी घेतली आहे. तिचा नांगर म्हणजे मी.

आता मी समुद्राच्या तळाशी असतो. गंजलोय, अंगावर कालवं बसलीत, तेलाच्या जागी खारं पाणी आहे. वर होडी झुलते. त्यातलं बोलणं दोरातून खाली येतं. मोरू बसल्या जागेवरून जाळं सोडतो, गंगाराम उभ्यानं वल्हवतो. कधी भांडतात. एकदा तर वल्हं उचलण्यापर्यंत गेलं. मग कुणीतरी बिडी पेटवून दुसऱ्याला दिली असावी, कारण मोरू म्हणाला, “ओली हाय.”

माझं एकच सांगणं आहे, आणि ते खालून वर पोचेल तेव्हा पोचो. माझ्या डाव्या बाजूला जिथे गाठ मारलीय तिथला काथ्या खडकावर घासून कुजलाय. वारा भरला की तो तडतडतो. मी तुटून इथे पडलो तर माझं काही बिघडत नाही. पण वर एक हात वाकडा आहे आणि एक पाय नाही, आणि बाहेर खडक आहेत. गंगाराम, उद्या निघण्याआधी दोर बदल.